पाठमोरी

थोरली दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. दात काढायला नव्हे, दात बनवायला. डॉक्टरांकडून लोकांच्या जबड्यांचे साचे यायचे, ती त्यांत प्लास्टर ओतायची, ते घट्ट झालं की मेणात एकेक दात बसवून कवळी उभी करायची. तिच्या टेबलावर कायम पाच-सहा जबडे आ वासून पडलेले असत. नवीन माणूस बघून दचकायचा. थोरलीला मात्र त्यांची इतकी सवय झाली होती, की चहाचा कप ती बिनदिक्कत त्यांच्या मधोमध ठेवायची. त्यातल्याच एका दणकट जबड्याला टेकवून तिचा फोन उभा असायचा, आणि फोनमध्ये तिची धाकटी बहीण अभ्यास करत असायची.

धाकटीला घरात सगळे भिंगरी म्हणत. लहानपणी ती एका जागी बूड टेकवायची नाही. दोन घास खाल्ले की घराला एक चक्कर, एक गणित सोडवलं की गल्लीत एक चक्कर. तीच भिंगरी आता फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होती, शहराच्या दुसऱ्या टोकाला हॉस्टेलवर राहत होती आणि रोज तासन्‌तास खुर्चीला चिकटून अभ्यास करत होती, तोही चारचौघांत. ‘भिंगरीसोबत बसा’ असं तिच्या चॅनेलचं नाव होतं. तिचा जुना फोन मागच्या फळीवर लावलेला असे. त्यात दिसायची फक्त तिची पाठ. निळी शाल, कमरेपर्यंतची वेणी, टेबल आणि समोरची खिडकी. बोलणं नाही, गाणं नाही, नुसता पानं उलटल्याचा आणि पेनाचा आवाज. कुठकुठली मुलं ते लावून आपापला अभ्यास करत म्हणे. एकटं वाटत नाही, असं खाली लिहीत.

थोरलीला आधी हे खूळ वाटलं होतं. मग तिलाच त्याची चटक लागली. मेण वितळवताना मान वर करावी, तर भिंगरी तिथे आहे. साचा घासून मान वर करावी, तरी तिथेच. वडील गेल्यापासून थोरलीने या पोरीची काळजी डोक्यावर घेतली होती. आता ती काळजी तिने फोनवर सोपवली आणि निर्धास्त झाली. गावाकडे गेली तेव्हा तिने आईलाही दाखवलं. आईने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, “पाठच दिसते गं नुसती. तोंड कधी दाखवते?”

“आई, अभ्यासाला तोंड कशाला लागतं?” थोरली म्हणाली आणि दोघी हसल्या.

फोन केला तर भिंगरी घाईतच असायची. “ताई, नंतर बोलते गं,” की ठेवला. म्हणून थोरली चॅनेलवरच तिला खासगी निरोप पाठवायची. सुरुवातीला त्यावर ‘हं’ किंवा नुसता अंगठा यायचा. थंडी सुरू झाली आणि उत्तरं बदलली. ‘ताई, जेवलीस का? कालची डोकेदुखी थांबली का? तो लॅबमधला चोंबडा माणूस आज काही बोलला का?’ थोरलीला आधी नवल वाटलं, मग बरं वाटलं. पोर मोठी झाली, तिने मनाशी म्हटलं. जेवणाच्या सुट्टीत चॅनेलही थांबलेलं असे, तेव्हा थोरली एका हाताने घास घ्यायची आणि दुसऱ्या हाताने लिहायची. एकदा तर एका स्थळाबद्दलही लिहून गेली. मुलगा चांगला होता, तिला आवडलाही होता, पण आपण गेलो तर आईचं आणि भिंगरीचं कसं, म्हणून तिने परस्पर नकार कळवला होता. हे तिने जगात कुणालाही सांगितलं नव्हतं. पलीकडून आलं, ‘ताई, तू रडली असशील ना? मी असते तर शेजारी बसले असते.’ थोरलीने फोन पालथा ठेवला आणि उगाच एक स्वच्छ साचा पुन्हा घासत बसली.

आणि मग एका सकाळी कॉलेजमधून सरांचा फोन आला. भिंगरीच्या वर्गाचे सर. “दुपारी येऊन भेटाल का? फोनवर बोलण्यासारखं नाही.”

थोरलीने हातातला साचा तसाच खाली ठेवला. अर्धा दिवस रजा टाकून ती गेली. सरांची खोली लहान होती, कपाटावर औषधी झाडांच्या कुंड्या आणि टेबलावर कॉम्प्युटर. सरांनी पडदा तिच्याकडे वळवला. भिंगरीचा निकाल होता. पाचपैकी चार विषयांत नापास, पाचवा काठावर. हजेरी तर विचारूच नका.

“सर, काहीतरी घोटाळा आहे,” थोरली म्हणाली. “दुसऱ्या कुणाचा निकाल तुम्ही…”

“घोटाळा आहेच,” सर म्हणाले. “एका विषयात तिच्या नंबराच्या दोन उत्तरपत्रिका आल्यात. एक जवळजवळ कोरी, दुसरी उत्तम. अक्षर निरनिराळं. चौकशी चालू आहे. पण उरलेल्या विषयांचं काय? ही मुलगी पुस्तक उघडते तरी का?”

“उघडते का? अहो, मी रोज माझ्या डोळ्यांनी बघते तिला अभ्यास करताना. तुम्हीसुद्धा बघा.” थोरलीने फोन काढून सरांपुढे धरला. भिंगरी तिथे होतीच. निळी शाल, वेणी, खाली झुकलेली मान. पान उलटल्याचा आवाज सरांच्या खोलीत स्पष्ट ऐकू आला.

सरांनी चष्मा वर करून पाहिलं. “हे आत्ताचं आहे?”

“आत्ताचंच. हे थेट दिसतं. खोलीवर आहे ती.”

तेवढ्यात दार वाजलं. सरांनी आधीच शिपायाला कुणालातरी शोधायला पाठवलं होतं. शिपाई म्हणाला, “गच्चीच्या जिन्यात बसली होती, सर. फोन बघत.” त्याच्यामागून एक मुलगी आत आली. केस मोकळे, डोळे सुजलेले, मुठीत फोन.

ती भिंगरी होती.

थोरलीने तिच्याकडे पाहिलं. मग हातातल्या फोनकडे पाहिलं. फोनमधल्या मुलीने पेन उचललं आणि पेनाच्या टोकाने उजव्या कानामागे दोनदा खाजवलं. ही भिंगरीची अगदी लहानपणापासूनची लकब. थोरलीने त्यावरून तिला किती वेळा हटकलं होतं! आणि भिंगरी तर समोर दारात उभी होती, दोन्ही हात खाली सोडून.

थोरलीने फोन भिंगरीपुढे धरला.

“ही कोण?” तिने विचारलं.

भिंगरी रडायला लागली. “ताई, ती गप्पी आहे. माझी रूममेट, माझ्याच वर्गातली.”

हॉस्टेलकडे चालता चालता सगळं बाहेर आलं. चॅनेलला माणसं वाढत गेली तशी भिंगरी वेडावली होती. एक ओळ वाचायची, की किती जण बघतायत ते बघायचं. एक ओळ लिहायची, की खाली कुणी काय लिहिलं ते वाचायचं. अभ्यासाला बसलेली दिसायची, पण डोक्यात एक अक्षर शिरत नव्हतं. मग बसवेचना. आणि उठावं तर पलीकडे माणसं खोळंबलेली. एके दिवशी तिने खोलीतल्या दुसऱ्या मुलीला गळ घातली. जेमतेम दोन शब्द बोलणारी मुलगी, म्हणून हॉस्टेलमध्ये तिला सगळ्या गप्पी म्हणत. “थोडा वेळ माझी शाल घेऊन बस ना. पाठच दिसते. कोणाला कळतंय?”

कुणालाही कळलं नाही. उलट लोकांनी लिहिलं, आज तुझं फार छान लक्ष लागलं होतं.

“मग रोजच बसायला लागली,” भिंगरी म्हणाली. “मी सांगायच्या आधीच. तिचे केस खांद्याएवढे होते, तिने गंगावन लावलं. मी जिन्यात बसून फोन बघत राहायचे, ताई. दुसऱ्यांचे व्हिडिओ, आणि मग माझाच. माझी पाठ बघत बसायचे. बघून वाटायचं, मी अभ्यास करतेय. खरंच वाटायचं गं.”

“आणि माझे निरोप?” थोरलीने विचारलं. “तू मला रोज लिहायचीस ते?”

भिंगरी थबकली. “मी कुठे लिहायचे? चॅनेलचे निरोप जुन्या फोनवर येतात, तो तर खोलीतच असतो.”

“त्या स्थळाबद्दल मी तुला…”

“कोणतं स्थळ, ताई?”

थोरली हॉस्टेलच्या फाटकापर्यंत भराभर पुढे चालत राहिली.

खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. थोरलीने ते ढकललं. समोर ती पाठ होती. इतके महिने तळहाताएवढी पाहिलेली पाठ आता खऱ्या मापाची झाली होती. खिडकीतून दुपारचं पांढरं ऊन येत होतं. मुलीने वळून पाहिलं नाही, पण तिचं पेन थांबलं.

“ताई, आलीस?” ती म्हणाली. “जेवलीस का?”

आवाज भिंगरीचा नव्हता. पण ‘ताई’मधला ‘ई’ किंचित लांबवण्याची तऱ्हा भिंगरीचीच होती, वडिलांकडून आलेली. थोरली पुढे गेली आणि तिने त्या खांद्यावर हात ठेवला. तिच्या दुसऱ्या हातात फोन अजून चालूच होता. सहज नजर गेली, तर फोनमध्ये तो खांदा रिकामाच होता. फोनमधलं चित्र दोन-चार क्षण मागून येत होतं. मग कडेने एक हात आला आणि त्या खांद्यावर टेकला. स्वतःचाच हात ओळखायला थोरलीला वेळ लागला. खाली लोकांनी भराभर लिहायला सुरुवात केली होती. ‘भिंगरी, तुझ्या मागे कोण आहे?’ ‘भिंगरी, कोणीतरी आलंय!’

भिंगरीने झेप घेऊन फळीवरचा फोन बंद केला.

गप्पी वळली. साधा, गोल चेहरा. रस्त्यात दिसला असता तर लक्षातही राहिला नसता. तिच्या डोळ्यांत भीती नव्हती, लाजही नव्हती. पाहुणी आल्यावर घरचं माणूस बघतं तशी ती थोरलीकडे बघत होती.

“तू माझ्याशी बोलत होतीस?” थोरलीने विचारलं.

“हो.”

“भिंगरी बनून?”

गप्पीने जरा विचार केला. “तुम्ही विचारायचात, कशी आहेस. मी सांगायचे. मला कुणी विचारत नाही ना, ताई. बाबांनी दुसरं लग्न केलं, तेव्हापासून तिकडून फोन येत नाही.” मग तिने थोरलीच्या चपलेकडे पाहून विचारलं, “तुमची टाच बरी आहे का? त्या दिवशी म्हणाला होतात.”

टाच दुखत असल्याचं भिंगरीला माहीत नव्हतं. हे आठवून थोरलीला संताप यायला हवा होता. तो आलाच नाही. आलं ते भलतंच काहीतरी. या अनोळखी पोरीला जवळ घ्यावं आणि इथून जीव घेऊन पळावं, असं दोन्ही तिला एकदमच वाटलं. तिने पळणं निवडलं. भिंगरीचे कपडे पिशवीत कोंबले, पुस्तकं उचलली आणि बहिणीला दंडाला धरून बाहेर काढलं. दारात भिंगरी म्हणाली, “ताई, माझी शाल…” पण शाल मागायला मागे कुणी वळलं नाही.

चॅनेल त्याच संध्याकाळी बंद केलं. पुरवणी परीक्षा तोंडावर आली होती. थोरलीच्या एका खोलीच्या घरात भिंगरी भिंतीकडे तोंड करून बसू लागली. पण तिला वाचताच येईना. पान उघडायची आणि मान मागे वळवायची. पुन्हा ओळ, पुन्हा मान मागे.

“काय बघतेस?”

“काही नाही. मागे कुणी नाहीये, ताई. म्हणून कसंतरी होतं.” मग बिचकत म्हणाली, “तू मागे बसशील? काही करू नकोस. फक्त बघ माझ्याकडे.”

थोरली कामावरून आली की बहिणीच्या मागे स्टूल टाकून बसे आणि तिच्या पाठीकडे बघे. तिला हे मुळीच आवडत नव्हतं. ती पाठ खरी आहे हे माहीत असूनही, मधूनच उठून समोरून तोंड पाहून यावं अशी हुक्की तिला येई. एकदोनदा ती उठलीही. भिंगरी म्हणाली, “मीच आहे गं.” पण त्यावर दोघींनाही हसू आलं नाही.

अशात एका दुपारी हॉस्टेलच्या बाईंचा भिंगरीला फोन आला. गप्पीची खाट रिकामी आहे, सामान आहे, ती नाही. तुमच्याकडे आली आहे का? भिंगरीने नाही म्हणून सांगितलं. थोरलीच्या मनात पाल चुकचुकली. का कोण जाणे, तिने आधी आईला फोन लावला.

“बरं झालं केलास,” आई म्हणाली. तिचा आवाज जरा मोठा होता, शेजारच्या खोलीतल्या माणसाला ऐकू जावं असा. “भिंगरी आलीये ना घरी. काल संध्याकाळीच आली. आल्यापासून मुकाट्याने अभ्यास करते आहे.”

थोरलीने फोन कानाला तसाच धरून ठेवला. भिंगरी तिच्यासमोर जमिनीवर बसून पेन्सिलीला टोक काढत होती.

“आई,” ती हळूच म्हणाली, “भिंगरी माझ्यापाशी आहे.”

“हो, हो,” आई म्हणाली. “तूही ये. लवकर ये.”

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या पहिल्या बसने दोघी निघाल्या. वाटेत भिंगरी खिडकीला डोकं टेकवून बसली होती. निम्म्या वाटेवर ती म्हणाली, “ताई, मी जिन्यात बसायचे तेव्हा ती दिसायची ना फोनमध्ये, तेव्हा एकदा माझ्या मनात आलं होतं. आता मी परत नाही गेले तरी चालेल. कुणाचं काही अडणार नाही.” थोरलीने तिचा हात घट्ट धरला आणि उतरेपर्यंत सोडला नाही.

घराचं दार आईने उघडलं. तोंडावर बोट ठेवून तिने दोघींना स्वयंपाकघरात घेतलं. मधल्या खोलीतून पान उलटल्याचा आवाज आला. दाराच्या फटीतून निळी शाल दिसत होती. भिंगरीने थोरलीचा दंड धरला.

“तू फसलीस कशी?” थोरली कुजबुजली.

“पहिल्या क्षणी फसले,” आई म्हणाली. “अंधारून आलं होतं, चष्मा आत होता. दारात उभी राहून ‘आई’ म्हणाली आणि मी बाजूला झाले. पण पोटच्या पोरीची पावलं ओळखू येत नाहीत होय? भिंगरी घरात येते ती धाडधाड. ही आली ती मांजरासारखी. आणि तरी तिला पाण्याचा माठ कुठे आहे ते ठाऊक, दिव्याचं बटण कुठे ते ठाऊक, माझ्या गोळ्यांची वेळसुद्धा ठाऊक.”

“मीच लिहिलं होतं तिला,” थोरली म्हणाली. “सगळं मीच.”

“मग हाकलून का नाही दिलंस?” भिंगरीने रडत विचारलं. “ती माझ्या जागेवर बसलीये, आई!”

आईने तिच्याकडे पाहिलं. “तू उठलीस म्हणून बसली ना?”

भिंगरीने मान खाली घालून डोळे पुसले.

“मला भीती वाटली नाही असं नाही,” आई पुढे म्हणाली. “झोपली होती तेव्हा दोनदा जाऊन बघून आले. पण वेडंवाकडं काही नाही केलं पोरीने. भुकेली होती. जेवली, भांडी घासली आणि अभ्यासाला बसली. अशा पोरीला अंधारात बाहेर काढायचं, म्हणजे माझ्याच्याने झालं नसतं. चला आता.”

आई मधल्या खोलीत गेली आणि गप्पीच्या समोर खुर्ची ओढून बसली. दोघी बहिणी दारात थांबल्या. गप्पीने वर पाहिलं. भिंगरी दिसल्यावर तिची नजर जरा हलली, आरशात स्वतःला अचानक बघून हलते तशी.

“बाळा,” आई म्हणाली, “इथे राहायला माझी ना नाही. परीक्षा होईपर्यंत राहा. पण इथे राहायचं तर आपल्या नावाने राहायचं. भिंगरी ही. तू कोण?”

गप्पीने तोंड उघडलं. काही आलं नाही. तिने पुस्तकाकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, स्वतःच्या हातांकडे पाहिलं. बाहेर रस्त्यावरून एक गाडी गेली, शेजारच्यांचा नळ सुरू होऊन बंद झाला, तरी तिला सांगता येईना. साधा प्रश्न, शाळेत पहिल्या दिवशी विचारतात तो. थोरलीला ते बघवेना. तिला वाटलं, आता आई म्हणेल जाऊ दे. पण आई हलली नाही. शेवटी गप्पी पुढे वाकली आणि आईच्या कानाशी काहीतरी बोलली, इतक्या हळू की दारापर्यंत आलं नाही.

“छान नाव आहे,” आई म्हणाली. “आता ती शाल काढ. तिची तिला दे.”

गप्पीने शाल काढली, नीट घडी घातली आणि भिंगरीपुढे धरली. “तो पेपर,” ती म्हणाली, “मी मुद्दाम नाही केलं. नंबर लिहायला गेले आणि हात सरळ तुझ्याच नंबराकडे गेला. खोलीवर येऊन झोपेपर्यंत मला कळलंच नाही.” भिंगरीने शाल घेतली, पण अंगावर घेतली नाही. खुंटीवर टाकली.

मग पुरवणी परीक्षेपर्यंत त्या घरात दोघी एकाच टेबलाशी समोरासमोर बसल्या. ही व्यवस्था आईची. पाठ कुणीच कुणाला करायची नाही. पहिले काही दिवस दोघी एकमेकींकडे बघायलाही बिचकत होत्या. मग भिंगरीला काही अडलं, तिने विचारलं. गप्पीने समजावलं. तिला सगळं येत होतं, कारण त्या खुर्चीत बसून तिने खरोखरच अभ्यास केला होता, भिंगरीच्या वाट्याचासुद्धा. भिंगरीचा फोन आईच्या पिठाच्या डब्यामागे होता. मधून मधून भिंगरीची बोटं टेबलावर आपोआप वर-खाली सरकायची, काच नसताना काच पुसल्यासारखी. ते बघून गप्पी तिच्या हातावर हलकेच पेन टेकवायची.

थोरली सुट्टीच्या दिवशी यायची. चहा ठेवायची, दोघींना कप द्यायची. गप्पीशी काय बोलावं हे तिला कधी उमगलं नाही. महिनोन्‌महिने जिच्यापाशी मन मोकळं केलं, तिच्यासमोर उभं राहून ती नुसतं “साखर पुरे ना?” एवढंच विचारायची. “पुरे,” गप्पी म्हणायची. आणि कप ठेवून थोरली बाहेर यायची, कुणीतरी जवळचं गेल्यासारखी.

परीक्षा झाली. गप्पीने कॉलेजला त्या उत्तरपत्रिकेबद्दल सगळं खरं सांगितलं. तिचा तेवढा विषय रद्द झाला, तो तिने पुन्हा दिला आणि काढला. भिंगरी तीन विषयांत सुटली, एक राहिला. तो राहिल्याचं तिनेच थोरलीला फोन करून सांगितलं आणि फोन ठेवायची घाई केली नाही. आता ती थोरलीच्या खोलीवरूनच कॉलेजला जाते, येताना धाडधाड जिना चढते. गप्पीने कॉलेज बदललं आणि दुसरं हॉस्टेल धरलं. काही आठवडे ती आईला फोन करायची, आपलं नाव सांगून. मग फोन विरळ झाले आणि थांबले. “रमली असेल कुठेतरी,” आई म्हणाली.

उन्हाळ्याच्या तोंडाशी थोरली एका डॉक्टरांकडे तयार कवळ्या पोचवायला गेली होती. दवाखान्यासमोरच बस थांबा होता. तिथे दोन मुली उभ्या होत्या. एक उंच, खेळाडूसारखी, मानेपर्यंत केस कापलेले. घोगऱ्या आवाजात ती कसलातरी किस्सा सांगत होती आणि बोलता बोलता डावा खांदा उडवत होती. दुसरी तिच्या शेजारी होती. तिचेही केस मानेपर्यंत. ती ऐकत होती आणि तिचाही डावा खांदा उडत होता, पहिलीच्या किंचित मागून.

तो गोल चेहरा थोरलीने लगेच ओळखला. रस्ता ओलांडून ती जवळ गेली. “अगं,” ती म्हणाली, “कशी आहेस?”

मुलीने तिच्याकडे पाहिलं. नजर अगदी स्वच्छ होती, ओळख दडवणाऱ्या माणसाची मुळीच नव्हती.

“काही हवंय का, काकू?” तिने घोगऱ्या आवाजात विचारलं.

उंच मुलगी हसली. त्या क्षणी बस आली. दोघी चढल्या, आधी उंच मुलगी, मग ती, तोच पाय आधी टाकत. खिडकीशी बसल्यावरही तिने बाहेर पाहिलं नाही.

बस वळणाआड गेली तरी थोरली तिथेच होती. मग डॉक्टरांच्या मदतनीस बाईंनी वरून हाक मारली, पेशंट केव्हाचा थांबलाय म्हणून, तेव्हा ती दातांची पेटी सावरत जिना चढू लागली.